मिलानच्या लिओनार्दोवरून संगमरवरी पुतळा: उघड्यावर, पावसात टिकेल का?

खानापूरकर
मिलानच्या स्काला चौकात पिएत्रो मान्यीनं घडवलेलं लिओनार्दो दा विंचीचं स्मारक आहे, १८७२चं. त्यावरून अडीच फुटी उभा पुतळा कलावर्गाच्या उघड्या अंगणात बसवायचाय. खालचे चार शिष्य नकोत. प्लास्टरचं मॉडेल तयार आहे, मकराण्याच्या संगमरवराचा ठोकळा १ × १ × २.७५ फूट. माप दगडावर कसं उतरवायचं आणि इकडचा पाऊस बघता काय सांभाळायचं, तेवढं सांगा की.

टाकीवाला_बेळगाव
शिष्य गाळले ते बरंच केलंत. मिलानकरांनी त्या पाच जणांना 'चौघांत एक लिटर' असं नाव पाडलंय, मध्ये बाटली नि भोवती पेले!

आधी दगड तपासा. हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर. मग ओला करून वाळू द्या. सगळा पांढरा झाल्यावरही जी रेघ काळपट राहते, तिथं दगड फुटलेला. ती रेघ मानेवर आडवी येत असेल तर ठोकळा बदलाच. वजन दोनशे किलोच्या वर भरेल, उचलायला चेनपुली लागेल.

माप पॉइंटिंग मशीननंच उतरवा, म्हणजे मॉडेलवरचा बिंदू सुईनं धरून तोच दगडावर दाखवणाऱ्या साधनानं. मॉडेलवर आणि ठोकळ्यावर तीन पक्के बिंदू ठरवा, दोन खाली, एक वर. मुलं नेमके हेच बिंदू आधी छिलतात आणि मग सगळी मापं गेली! शेवटपर्यंत ते उंचवटे ठेवा. नाक, गुडघा, कोपर हे पुढं आलेले बिंदू आधी घ्या, खोलगट नंतर. सुई टेकते त्याच्या २ मिमी वरच थांबा, तेवढं दाताच्या छिन्नीला आणि कानशीला लागतं.

पायघोळ झगा बारीक करू नका. संगमरवर दाब सोसतो, ताण नाही. मायकेलअँजेलोच्या उघड्या पायांच्या डेव्हिडमागं झाडाचं खोड आहे ते त्यासाठीच. इथं ते काम झगा करतो.

खानापूरकर
तळाला १२ मिमीची लोखंडी सळई चालेल काय ओ? आणि वर क्लिअर कोट मारावा म्हणतो.

शेवाळविरोधी
दोन्ही नको. लोखंड गंजलं की फुगतं आणि तळ आतून फोडतं. ३१६ स्टेनलेसची (सहसा न गंजणाऱ्या पोलादाची) सळई घ्या, भोक १६ मिमी, दगडात १० सेंमी. चौथरा इलकलच्या लाल ग्रॅनाइटचा करा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. चौथऱ्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा.

क्लिअर कोटखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळणं त्याहून वाईट. मान खाली झुकलेली असल्यानं पाणी दाढीवरून छातीवर ओघळणार, तिथंच आधी हिरवं धरेल. दाढीच्या टोकाखाली बारीक खाच कोरा, म्हणजे थेंब तिथूनच सुटतो.

शेवाळ आलं तर साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडताच फेसाळतो, चकाकी जाते आणि खरबरीत पृष्ठावर पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट बसतं.