जहाजाने लक्षद्वीप: बेटावरच्या एका दिवसात आईला काय दाखवू?

होटगी रोड
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईला घेऊन लक्षद्वीपला जातेय. सोलापूरहून पुणे-कन्याकुमारी गाडीने एर्नाकुलम, पुढे कोचीहून जहाज. रात्री प्रवास आणि दिवसा बेटावर, असा कार्यक्रम आहे: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. आई सत्तरीला आलीय, गुडघे दुखतात, पोहायचा प्रश्नच नाही. त्यात शुद्ध शाकाहारी. माहितीपत्रकात सगळं स्नॉर्केलिंग, कयाक, स्कूबा. ते ऐकून ती म्हणते, "मी जहाजावरच बसते, तू जाऊन ये." मला ते नकोय. सकाळी उतरून संध्याकाळी परत, एवढ्या वेळात तिला मनापासून आवडेल असं तिथे काय आहे?

चाटी गल्ली
ताई, आईंना जहाजावर बसवून ठेवू नका. निवृत्तीनंतर सौ.ला घेऊन मी याच फेरीने गेलो होतो. तिचेही गुडघे तसेच.

आधी उतरण्याचं सांगतो, कारण माणूस घाबरतो तो तिथेच. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, म्हणून मोठं जहाज बाहेर खोल समुद्रात थांबतं. जहाजाच्या बाजूच्या दारातून लहान बोटीत उतरायचं. लाटेबरोबर ती बोट हातभर वर येते, परत खाली जाते. खलाशी दोन्हीकडून दंड घट्ट धरतात आणि बोट वर आली की "आता" म्हणतात. त्याच वेळी पाय टाकायचा, आपण अंदाज बांधत बसायचं नाही. हातात पिशवी नको, मोबाईल नको. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

आता काय बघायचं ते. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे माझं मन तिकडेच ओढ घेणार, पण ऐका. आपण चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावची माणसं. आईंनी पाण्याच्या वेळेसाठी किती रात्री झोपमोड केली असेल! त्यांना कवरत्तीचं पाणी दाखवा. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला, रोज एक लाख लिटरचा. वरचं पाणी साधारण २८ अंश असतं. हवा काढून घेतलेल्या टाकीत ते सोडलं की चूल न पेटवता त्याची वाफ होते. मग ३५० मीटर खोलीवरचं बारा-तेरा अंशांचं गार पाणी पाइपाने वर आणायचं आणि त्याने ती वाफ थंड करायची. झालं गोडं पाणी! बेटाचा उतार इतका उभा आहे की एवढी खोली किनाऱ्याजवळच सापडते. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असेच प्रकल्प झाले.

सौ.ला हे किनाऱ्यावर वाळूत रेघा ओढून समजावलं. नंतर वाटेवरच्या एका घरी तिने हाताने खूण करून पाणी मागितलं. स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला, कसलीही चव नाही, वास नाही. रोज क्लोरीन मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या ग्लासाचं काय वाटलं, ते लिहून सांगता येत नाही.

बाकी काचेच्या तळाची बोट घ्याच. बसल्या जागी खालचे प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात, कपडे भिजत नाहीत. कल्पेनीला झाडाखाली बसा, शहाळं प्या, पुरे.

विजापूर वेस
काकांचं उत्तर मस्तच. पण मिनिकॉय नुसतं बसून घालवू नका ओ. तिथला दीपगृह १८८५ चा आहे. आई खाली बसतील, तुम्ही वर जाऊन या, सगळं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कठड्याआतलं उथळ पाणी, एका नजरेत येतं. इथली भाषा महल, बाकी बेटांच्या मल्याळमपेक्षा एकदम वेगळी. ट्यूना मासे ही माणसं गळाच्या काठीने एकेक करून पकडतात, जाळं टाकत नाहीत. शाकाहारी माणसालासुद्धा हे ऐकायला आवडेल.

बाळीवेस
जेवणाची काळजी करू नका, भात-भाजी-सांबार मिळतं. तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर ठेवाच. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. आपलं ऊन कोरडं, तिथे घाम अंगावरच राहतो आणि पांढऱ्या वाळूवरून ऊन खालूनही भाजतं. छत्री हवीच. पायात मागे पट्टा असलेली सँडल, प्रवाळाने तळवा कापतो. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कायद्याने बंदी आहे.

होटगी रोड
सगळ्यांचे खूप आभार. काकांचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. जहाजावर बसायचं आता नाव काढत नाहीये. तिचा एक प्रश्न आहे: गोडं काढून घेतल्यावर उरलेलं खारं पाणी कुठे जातं?

चाटी गल्ली
आईंना माझा नमस्कार सांगा, नेमकं विचारलं त्यांनी. ते परत समुद्रातच जातं. आत घेतलेल्या पाण्यातल्या अगदी थोड्या भागाची वाफ होते, त्यामुळे उरलेलं पाणी मूळच्यापेक्षा किंचितच जास्त खारट असतं. समुद्राचं पाणी दाबाने गाळून गोडं करणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रातून (आरओ) मात्र बरंच दाट खारं पाणी बाहेर पडतं. प्रवाळाच्या बेटाला हा फरक फार मोठा आहे.