‘सगळं धरून’ रिसॉर्टात कोकण कुठे धरलंय?

वाळूतला_कोलंबो

डिसेंबरात आम्ही दोघं सिंधुदुर्गातल्या एका ‘इको रिसॉर्ट’मध्ये दोन रात्री राहून आलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी बुकिंग करून दिलं होतं. नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं त्या एका जागेपुरतं नाही. राहणं, न्याहारी, दोन्ही वेळचं जेवण, शहाळं, कायाक, कुडाळ स्टेशनवरून ने-आण, सगळं धरून दोन रात्रींचे ३८ हजार. वर १८ टक्के जीएसटी.

जागा देखणी, यात वाद नाही. सुरूच्या बनात बांबूच्या खोपट्या, आत दीड टनाचा एसी. प्लॅस्टिकची बाटली औषधालाही नाही, पाणी काचेच्या बाटलीत. न्हाणीघरात कासवाचं चित्र असलेला पुठ्ठा टांगलेला: ‘टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी वाचवा.’ खिडकीतून बघितलं तर समोर पोहण्याचा तलाव, काठोकाठ. तलावापासून समुद्र शंभर पावलांवर.

पहिल्या रात्री बुफेत फिश टिक्का होता. एक तुकडा तोंडात टाकला आणि कळलं, बासा. अरबी समुद्राच्या काठावर बसून मी गोड्या पाण्यातला, शेततळ्यात वाढवलेला, बर्फात गोठून आलेला मासा खात होतो! वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “सर, गेस्टना काटे नको असतात.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या फाटकातून किनाऱ्यावर गेलो. थोड्या अंतरावर रापण ओढणं चालू होतं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात. मीही दोराला हात लावला. अर्धा-पाऊण तास ओढलं, तळहाताची सालं निघाली. जाळं वर आलं तेव्हा त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने काही न बोलता सहा बांगडे माझ्यापुढे टाकले. हात लावणाऱ्याला वाटा. बांगडे अजून उडत होते.

ते टॉवेलात (हो, त्याच कासववाल्या) गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मॅनेजर आले. “सर, बाहेरचं अन्न चालत नाही.” समोर समुद्र दिसतोय, आणि त्यातला बांगडा ‘बाहेरचा’. शेवटी फाटकावरचे वॉचमन काका म्हणाले, “माझ्याकडे द्या, घराक घेवन जातंय.” दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी स्टीलचा डबा हातात ठेवला. बांगड्याचं तिखलं, वर तिरफळं. आम्ही ते गाडीत बसून पावाशी खाल्लं. दोन दिवसांतलं कोकणातलं जेवण एवढंच.

तर प्रश्न असा: याला इको म्हणायचं कशावरून? आणि एवढे पैसे देऊन कोकणात जाऊन कोकण टाळायचं असेल, तर ठाण्याच्या क्लबात तलाव नाहीत का?

ताटावरचा_माणूस

बासा वाचूनच भूक मेली. काटे नको असलेल्यांनी पनीर खावं की.

निवांत_७२

असहमत. धागाकर्ते, तुम्ही तुमच्या हौसेचा नियम सगळ्यांना लावताय. तुम्हाला दोर ओढायचा होता, ओढलात, कोणी अडवलं नाही. जे आठवडाभर लोकल ओढतात त्यांना सुट्टीत अजून काही ओढायचं नसतं.

मॅनेजरचंही बरोबरच होतं. तुमच्या टॉवेलातले बांगडे त्यांनी शिजवले आणि रात्री तुमचं पोट बिघडलं असतं, तर हाच धागा वेगळ्या मथळ्याने आला असता. अन्न परवाना रिसॉर्टच्या नावावर असतो, म्हाताऱ्याच्या नाही.

वाळूतला_कोलंबो

पोट बिघडण्याबद्दल मान्य. पण मग रोज सकाळी त्या रापणीवरूनच मासळी का नाही घेत? तीनशे पावलांवर आहे. पावती लागते म्हणून?

निवांत_७२

पावती लागतेच. शिवाय चाळीस पाहुण्यांना एका मापाचा मासा लागतो. रापणीला आज बांगडा, उद्या नुसते पेडवे, परवा जेलीफिश. मेन्यूकार्ड काय छापणार?

ताटावरचा_माणूस

फळ्यावर खडूने लिहा. मालवणातल्या खानावळी वर्षानुवर्षं तेच करतात.

विहीर_आणि_पोहरा

माशांवरून पुढे सरकूया का? माझी नोकरी पाण्याशी संबंधित आहे, त्यामुळे मला तो काठोकाठ तलाव टोचला.

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं थोडं जड, एवढाच फरक. पण त्याचं गणित भयंकर आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. म्हणजे उपसा करून वरची पातळी हातभर उतरवली, की खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर चढू पाहतं. पुस्तकातलं गणित आहे, प्रत्यक्षात जमिनीच्या थरांप्रमाणे कमीजास्त होतं, पण दिशा हीच. पूर्वी रहाटाने किंवा पोहऱ्याने जेवढं निघायचं, तेवढं पाऊस भरून काढायचा. पंप बसला की तो हिशेब मोडतो. आणि बिघडते ती नुसती रिसॉर्टची विहीर नाही. शेजारच्याच्या माडाखालची आधी बिघडते, कारण त्याच्याकडे टँकर मागवायला पैसे नसतात.

त्यामुळे इको की नाही हे बघायला मी तीनच गोष्टी विचारेन. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, आणि रात्री किनाऱ्याकडे तोंड केलेले दिवे किती. बांबू आणि काचेची बाटली हा मेकअप झाला.

सुरूचं_बन

दिव्यांच्या मुद्द्याला शंभर मोदक. न्हाणीघरात कासवाचं चित्र लावणाऱ्यांनी हे तरी वाचावं: ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून बाहेर आली की जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. काळोखात तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो. आपण मागे हॅलोजन लावला की ती सुरूच्या बनात शिरतात आणि सकाळी कावळ्यांच्या तोंडी जातात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. तिथे पाहुणे गावातल्या घरांमध्येच राहतात, जेवण त्या त्या घरचं. एकही खोपटी न बांधता पर्यटन उभं राहिलं.

धागाकर्ते, तुमच्या इथे दिवे कसे होते?

वाळूतला_कोलंबो

माडांना खालून वर मारलेले फोकस होते. रात्रभर चालू. फोटोत छान येतात म्हणे.

वाळूतला_कोलंबो

(हा प्रतिसाद सौ.चा आहे, आयडी ह्यांचाच वापरतेय.)

मला रिसॉर्ट आवडलं. हे ह्यांनी धाग्यात कुठेच लिहिलेलं नाही म्हणून लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गुहागरच्या बाजूला एका घरी उतरलो होतो. माणसं सोन्यासारखी. पण त्या वहिनी पहाटे पाचला उठून आमच्यासाठी घावणे काढत होत्या, आणि माझ्याच्याने पांघरुणात पडून राहवेना. पहिल्या दिवशी मी ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी विळीवर नारळ खवत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरातल्यासारखं ‘जरा मीठ बघा हो’ म्हटलं आणि मी बघितलं. हे तोवर ओटीवर झोपाळ्यात बसून ‘काय अगत्य आहे, नाही?’ म्हणत होते. त्यांची सुट्टी झाली, माझं सासर झालं.

रिसॉर्टात मला दोन दिवस ‘आज काय करायचं’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. वाढणारा मुलगा पगारी होता, त्यामुळे दुसरा चहा मागताना जीभ अडखळली नाही. बासा मलाही आवडला नाही. पण काटे न काढता, कोणाच्या ताटात काय कमी आहे हे न बघता मी गरम गरम जेवले. पंचवीस वर्षांत हे किती वेळा झालं, ते ह्यांनी मोजून सांगावं.

तिखलं मात्र अप्रतिम होतं. ते काकांनी नाही, काकींनी केलं होतं, हेही धाग्यात नाही.

निवांत_७२

वहिनी, साष्टांग.

ताटावरचा_माणूस

धागाकर्ते जिवंत आहेत का?

वाळूतला_कोलंबो

आहे. भांडी घासतोय.

तरीवरचो

पावण्यांनू, वायच आमचा पण ऐका. पूर्ण मालवणीत लिहिलं तर अर्ध्यांना कळणार नाही, म्हणून तुमच्या भाषेत.

माझ्या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, खाडीच्या तोंडाशी. त्यामुळे मी रिसॉर्टला शिव्या घालीन असं वाटेल. घालतो पण. पण आधी आमचं सांगतो. आमच्या वाडीत आता घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या. प्रत्येकाची बोअर वेगळी, प्रत्येकाचा शोषखड्डा वेगळा, आणि दोन्हींत अंतर किती ते विचारू नका. वर ज्या साहेबांनी पाण्याचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझ्या आजोबांची विहीर मे महिन्यात मचूळ लागते आणि तिच्या आसपास एकही रिसॉर्ट नाही. आम्हीच आहोत.

‘घरगुती’ जेवणाचं पण ऐका. भाजी आम्हाला कोल्हापूर-बेळगावातूनच येते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पाहुणा आला तर मासळी बर्फातलीच. पाहुण्याला मे महिन्यात एसी लागतोच. नसला तर तो पुढच्या घरी जातो आणि जाताना बिअरच्या बाटल्या माझ्या माडाखाली ठेवून जातो.

आता रिसॉर्टचं. माझा पुतण्या अशाच एका रिसॉर्टात हाऊसकीपिंगला आहे. पगार वेळेवर, पीएफ कापतात. नाहीतर गोव्याला गेला असता. पण सहा वर्षांत तो चादरीच बदलतोय. मॅनेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा, मालकाला गावात कोणी पाहिलेला नाही. आणि ‘सगळं धरून’चा खरा फटका कोणाला, सांगू? नाक्यावरच्या खानावळवालीला, रिक्षावाल्याला, कोकम आगळ विकणाऱ्या बाईला. पाहुणा स्टेशनवरून थेट आत, आतून थेट स्टेशनवर. गावात त्याचा दहा रुपयांचा चहा पण होत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी दहावीत होतो. आम्हाला वाटलं, आता मुंबईची गाडी पकडायला नको. माझ्या वर्गातले किती मुंबईत आहेत ते मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत.

सुरूचं_बन

तरीवरचो, मनापासून लिहिलंत. पण एक विचारते. शंभर पावलांवर बांधकामाला परवानगी मिळतेच कशी? २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत, ज्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर मोकळे ठेवायचे आहेत. बाकी ठिकाणी २००. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे.

निवांत_७२

पावलं आणि मीटर एक नव्हेत. शिवाय तात्पुरत्या पर्यटन सोयींना त्या पट्ट्यातही काही सूट आहे. बांबूची खोपटी कायद्याच्या नजरेत काय ठरते, हे कागद बघितल्याशिवाय इथे बसून सांगता येणार नाही.

सुरूचं_बन

म्हणूनच बांबू का, ते आत्ता कळलं. मी इतके दिवस त्याला निसर्गप्रेम समजत होते.

त्याच अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना राहत्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे. अट एवढीच की जोत्याचं क्षेत्र, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही.

तरीवरचो

ताई, ती अट वाचून आमच्या वाडीत दोन दिवस हसले असते.

विहीर_आणि_पोहरा

हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या रिसॉर्टला निदान सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र लावायला भाग पाडता येतं. एक ठिकाण, एक मालक, एक तपासणी. विखुरलेल्या शंभर शोषखड्ड्यांची तपासणी कोण करणार? मला वेळासचं कौतुक आहे, पण तिथे माणसं येतात ती ठरावीक दिवसांत, कासवांसाठी. बारमाही गर्दीच्या वाडीला तेच माप लावता येणार नाही. वाडीने मिळून एक सामायिक यंत्रणा उभारावी, असं मी किती बैठकांत बोललो असेन. चहा छान असतो बैठकीत.

निवांत_७२

म्हणजे शेवटी माझाच मुद्दा. मोठं रिसॉर्ट बरं.

विहीर_आणि_पोहरा

ते यंत्र चालू असेल तर. यंत्र दाखवा म्हटलं की किती ठिकाणी किल्ली सापडत नाही, ते मला माहीत आहे. धागाकर्त्यांनी पुढच्या वेळी टॉवेलऐवजी हे विचारावं: तलावाचं पाणी कुठून आणता आणि यंत्राची खोली कुठे आहे? समोरचा चटकन उठून दाखवायला निघाला, तर पैसे द्यायला हरकत नाही.

ताटावरचा_माणूस

सगळे पाण्यात शिरलेत. तिखल्याची पाककृती कोणी देणार आहे का? तिरफळं ठेचून घालायची की अख्खी?

तरीवरचो

अख्खी. आतली काळी बी काढून टाकायची. जराशी चेचली तरी चालतात, पण वाटणात बारीक वाटलीत तर कडू होतं. आणि शेवटी खोबरेल, वरून, कच्चं.

वाळूतला_कोलंबो

डबा परत करायचा राहिला होता, म्हणून काल वॉचमन काकांना फोन केला. पाककृतीही विचारली. त्यांनी फोन काकींकडे दिला, त्यांनी वर लिहिलंय तसंच सांगितलं. मग काका परत आले. म्हणाले, पुढच्या वेळी आमच्याकडेच या. पडवी बंद करून दोन खोल्या काढतोय, कर्ज मंजूर झालंय, फक्त एक ठरत नाही, एसी लावू की पंखाच बरा? मी ‘पंखा’ म्हणणार होतो, तेवढ्यात सौ.ने फोन हातातून घेतला.