फोटोंची पुस्तकं म्हणजे टीपॉयवरची शोभा?

जाड_पुठ्ठा: काल इथे एकाने लिहिलं, "शहरांच्या नि इमारतींच्या फोटोंची पुस्तकं ही टीपॉयवरची शोभा. तेच फोटो मोबाइलवर फुकट दिसतात." डोकंच फिरलं. फोटो दिसतात हो, पुस्तक दिसत नाही! रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून जवळपास २८ हजार फ्रेम्स काढल्या आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतल्या फक्त ८३. बाकीच्यांवर काट मारणं, कुठल्या फोटोनंतर कुठला हे ठरवणं, खरं काम तिथे आहे. मोबाइलवर तो क्रम अल्गोरिदम लावतं, वर मध्ये चपलांची जाहिरात.

फुकट_फौजदार: ते वाक्य माझंच. किती दिवस १९५९च्या पुस्तकावर भागवणार? आज दुकानातलं कुठलंही उघडा. ओला रस्ता, गोल जिना, लाल कोटातली पाठमोरी बाई. शहर बदलतं, बाई तीच.

तिसरा_डोळा: बाईचं नंतर बघू. दोन पानांवर पसरलेल्या फोटोचं काय? नेमका मधला भाग शिवणीत गडप! मला भेट आलेल्या पुस्तकात पुलाचा मधला खांबच नाही. दाबून उघडलं तर पानं सुटली.

फुकट_फौजदार: म्हणजे मोबाइलच बरा.

तिसरा_डोळा: तळहाताएवढ्या पडद्यावर पूल बघायचा? राहू दे.

जाड_पुठ्ठा: शिवणीवर तोड १९६६ सालीच निघाली. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एका घडीच्या पट्टीवर छापल्या, एक बाजू सुलटी, दुसरी उलटी. उलगडली की साधारण २५ फूट.

तिसरा_डोळा: २५ फूट उलगडायला घर कुणाचं आणू? सपाट उघडणारी बांधणी करा, नाहीतर फोटो एका पानात बसवा. एवढंही प्रकाशकांना कळू नये?

ओळंबा: शिवणीचं काय घेऊन बसलात, त्या इमारतींत माणसं कुठायत? मी आर्किटेक्ट आहे. आमच्या एका कामाचे फोटो काढताना फोटोग्राफरने वाळत घातलेले कपडे काढायला लावले. तिथल्या आजींनी त्याला असा झापला! इमारतींचे फोटो काढणाऱ्या ज्यूलियस शुलमनचा १९६०चा तो प्रसिद्ध फोटो घ्या, लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा. काचेच्या कोपऱ्यात गप्पा मारणाऱ्या त्या दोघी त्या घरात राहतच नव्हत्या, फोटोपुरत्या बसवलेल्या.

जाड_पुठ्ठा: बसवल्या तर बसवल्या. घर शहरावर तरंगतंय असं वाटतं की नाही?

ओळंबा: वाटतं ना, तेच निस्तरतोय मी! लोक असली पुस्तकं घेऊन येतात, सगळीकडे काच मागतात, पडदे नकोत म्हणतात, आणि उन्हाळ्यात फोन मला.

फुकट_फौजदार: पुस्तकांमुळे उकडतं. हे बरंय.

ओळंबा: तुमच्यासारख्यांना वास्तुकला म्हणजे रील वाटते, तुम्ही हसणारच.

तिसरा_डोळा: शिवणीचा मुद्दा गेला वाटतं वाहून.

फुकट_फौजदार: बरं बाबा, त्या ८३ फोटोंसाठी लायब्ररीत जातो. विकत मात्र घेणार नाही.

जाड_पुठ्ठा: उपकार झाले. पहिल्या पानापासून सलग बघा, मधूनच उघडू नका.

फुकट_फौजदार: आता पान कसं उलटायचं तेही तुम्हीच शिकवा.