बर्फ आणि व्हर्मुथ यांनाही कॉकटेलच्या साहित्यातच धरावे
कॉकटेल, म्हणजे मिश्र मद्यपेय, करण्याच्या साहित्याची एक यादी वाचली; तीत जिन, रम, व्हिस्की, लिंबू आणि साखरेचा पाक हे सारे आले आहे. परंतु बर्फाचा उल्लेख कोठेच नाही, ही उणीव मला मोठी वाटते. १८०६ साली अमेरिकेतील हडसन येथील एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू वनस्पतींचा अर्क) अशी दिली होती, आणि त्यातले पाणी आज आपल्या पेल्यात मुख्यतः वितळत्या बर्फातूनच येते. मार्टिनी, म्हणजे जिन आणि व्हर्मुथचे कॉकटेल, बर्फात ढवळताना भांड्याच्या बाहेर दव धरेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, धीर धरला तर पेय नुसते गार होत नाही, जिनचा तिखटपणाही मवाळ होतो. त्यासाठी मोठे, कोरडे खडे हवेत. ओला चुरा पेय पाणचट करतो.

व्हर्मुथबद्दलही सांगायला हवे. ती मुळात वनौषधींनी सुगंधित केलेली वाइन असल्यामुळे बाटली उघडल्यावर हवेने बिघडू लागते, तरीही अनेक जण ती जिनशेजारी फडताळात महिनोन्‌महिने ठेवतात आणि मग मॅनहॅटन या व्हिस्की-व्हर्मुथच्या कॉकटेलला शिळी चव आली की दोष व्हिस्कीला देतात. ती फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन महिन्यांत संपवावी, म्हणून लहान बाटलीच घ्यावी. बिटर्सची बाटली मात्र वर्षानुवर्षे टिकते.