'इंडिजिनस' आणि 'एन्डोजिनस', दोन्ही देशीच का?

सांजवेळ :
बेनिनचे तत्त्वज्ञ पोलँ हुंतोंजी यांच्यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका वाक्यावर अडलेय. मुद्दा असा की, आफ्रिकेतल्या ज्ञानाला 'इंडिजिनस' म्हणू नका, 'एन्डोजिनस' म्हणा. मी आधीची दहा पानं 'इंडिजिनस'ला बिनधास्त 'देशी ज्ञान' लिहीत आले. आता दुसऱ्यालाही देशीच सुचतंय. म्हणजे वाक्य होतं 'देशी म्हणू नका, देशी म्हणा'. संपादकांनी 'आदिवासी ज्ञान' सुचवलंय. ते नकोच. तिथल्या फॉन लोकांचं दाहोमे हे चांगलं मोठं राज्य होतं. सुचवा काहीतरी.

काटेकोर :
एतद्देशीय आणि अंतर्जात. मिटला प्रश्न. इंग्रजी अमदानीत 'नेटिव'ला एतद्देशीयच म्हणत, त्यामुळे साहेबाच्या नजरेचा वास त्याला आपोआप आहे.

मुंगीघाट :
मिटला म्हणे! 'एतद्देशीय' दिसला की वाचक पान उलटतो. आमच्याकडे सरळ गावठी म्हणतात. गावठी ज्ञान.

पाणवठा :
गावठी कट्टा, गावठी दारू... छान रांगेत बसवताय आफ्रिकेला.

मुंगीघाट :
आणि गावठी कोंबडी? बॉयलरपेक्षा जास्त पैसे मोजून आणता की नाही? शब्द वाईट नसतो ताई, कोण कुणाला म्हणतंय ते बघायचं.

तिठा :
इंडिजिनस हा इंडियावरूनच आलाय ना? इंडिगो म्हणजे नीळ आली, तसाच.

काटेकोर :
नीळ इंडियावरून, हा नाही. लॅटिन 'इंडिजेना' म्हणजे आतच जन्मलेला. गंमत अशी की 'एन्डोजिनस' ग्रीक मुळाचा आणि त्याचाही अर्थ आतून जन्मलेला. व्युत्पत्तीनं दोघं सख्खे भाऊ. म्हणून मुळं खणून इथे काही हाती लागणार नाही.

सांजवेळ :
अहो, पण फरक वापरानं पडला ना. फ्रेंच वसाहतींत 'अँदिजेन' हा कायद्यातला शब्द होता. 1881 साली अल्जीरियात त्याची संहिता झाली, मग पश्चिम आफ्रिकेतही आली. अँदिजेन म्हणजे प्रजा, नागरिक नव्हे. गोरा अधिकारी कोर्टाची पायरी न चढता त्याला दंड करी, कोठडीत टाकी, शिवाय वेठबिगार होतीच. ते रद्द झालं 1946 साली. हुंतोंजींचा जन्म 1942चा. त्यांच्या कानाला तो शब्द कसा लागत असेल!

काटेकोर :
म्हणजे एतद्देशीयच. मी काय वेगळं सांगितलं?

वडाचापार :
नेमाड्यांच्या देशीवादानंतर 'देशी' हा मराठीत अभिमानाचा शब्द झालाय. तो अँदिजेनसाठी वापरू नका, एन्डोजिनसला द्या. तसंही हे गृहस्थ आफ्रिकेचे देशीवादीच दिसतात.

सांजवेळ :
उलट आहे हो. टेम्पेल्स नावाच्या बेल्जियन मिशनऱ्यानं 1945 साली बांटू लोकांचं तत्त्वज्ञान म्हणून पुस्तक काढलं. सगळ्या जमातीच्या डोक्यात एकच तत्त्वज्ञान, आणि ते त्यांना स्वतःला सांगता येत नाही, पाद्रीबाबाच सांगणार. बऱ्याच आफ्रिकी अभ्यासकांनीही तीच वाट धरली. हुंतोंजींनी 1970च्या दशकात त्यावर झोड उठवली. पूर्वजांचं आहे म्हणून आरती ओवाळायची नाही, तपासायचं, हा त्यांचा हट्ट. पुढे त्यांनी संपादित केलेल्या संग्रहात लोखंड गाळण्यावर लेख आहे, पाऊस पाडणाऱ्यांवर आहे, फा भविष्यविद्येच्या गणितावरही आहे. फामध्ये 16 गुणिले 16 अशी 256 चिन्हं असतात.

तिठा :
आपले रमलवाले पण ठिपके मांडून सोळा आकृत्या काढतात! अरबांकडून आलेलं. तिकडेही तेच गेलं असणार.

पाणवठा :
झालं, आता सगळं अरबांचं. मग अंतर्जात उरलं काय?

सांजवेळ :
त्याचं उत्तर लेखात आहे. आज जे आपलं वाटतं ते कधीकाळी बाहेरून आलेलं असू शकतं. समाजानं ते इतकं पचवलं की परकं वाटेनासं झालं, तर ते एन्डोजिनस. म्हणून 'अंतर्जात'मधला 'जात' मला खटकतो. जन्माची अट नाहीच.

मुंगीघाट :
मग 'मुरलेलं ज्ञान' म्हणा! बेनिनमध्ये कसावाची गारी रोज खातात, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच कंदाचा आपला साबुदाणा. उपवासाला चालतो, इतका मुरलाय.

वडाचापार :
साबुदाणा उपवासाला चालतो हेच मुळात...

पाणवठा :
नको, तो धागा दोनशे प्रतिसादांवर गेला होता.

काटेकोर :
'मुरलेलं' हे विशेषण आहे, पारिभाषिक संज्ञा नाही. त्यावरून भाववाचक नाम काय करणार, मुरलेपणा? मूळ भेदावरच माझा आक्षेप आहे. घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू म्हणत, परकी संकल्पना आपल्या भाषेत मांडून बघा, टिकली तर घ्या. 'मी विचार करतो म्हणून मी आहे' हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं वाक्य त्यांनी आपल्या अकान भाषेत घालून पाहिलं. तिथे 'असणं' म्हणजे कुठेतरी असणं, त्यामुळे लगेच विचारावं लागतं, कुठे आहेस? मराठीत दोन्ही शब्दांना देशीच सुचत असेल, तर हे भांडण फ्रेंच भाषेचं असेल, आपलं नसेल.

तिठा :
फोनवर 'मी आहे' म्हटलं की आमची आईपण 'कुठे आहेस?' असंच विचारते.

सांजवेळ :
भांडण फ्रेंचांचं असलं तरी अनुवाद माझ्या गळ्यात आहे. सध्या 'एतद्देशीय' आणि 'स्वांगीकृत' असं टाकलंय. पुढच्या पानावर 'एक्स्ट्राव्हर्जन' आलाय. मालमसाला आफ्रिकेनं पुरवायचा, सिद्धान्त पॅरिसनं मांडायचा, आणि इथल्या विद्वानानं लिहायचं तेही तिकडच्या नियतकालिकासाठी. 'बहिर्मुखता' लिहिलं तर पोरगं गप्पिष्ट आहे असं वाटतं.

वडाचापार :
परमुखापेक्षा! दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहणं. तयार शब्द आहे.

काटेकोर :
त्यात लाचारी येते. हुंतोंजी व्यवस्थेबद्दल बोलतात, स्वभावाबद्दल नाही.

मुंगीघाट :
लाचारी नाही तर काय आहे मग ते? आणि 'स्वांगीकृत' कुणी सुचवला? वर तर कुठेच दिसत नाही.