'ओ मॅग्नम मिस्टेरियम'मध्ये अल्टोचा तो एक तीव्र मध्यम

यमनप्रेमी (सिअ‍ॅटल):
आमचा क्वायर (गायकवृंद) यंदा नाताळला अमेरिकन संगीतकार मॉर्टन लॉरिडसन यांचं 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' (लॅटिन, 'केवढं हे गूढ') गातोय. मी अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत आहे. लहानपणापासून हिंदुस्थानी शिकले, आणि रचना डीच्या सप्तकात, त्यामुळे डी हा माझ्यासाठी सरळ षड्ज. सगळं शुद्ध स्वरांत चालतं आणि 'बेआता विर्गो' (धन्य कुमारी, म्हणजे मरिया) मधल्या 'विर्गो'वर आमच्याकडे अचानक जी शार्प येतो, म्हणजे तीव्र म. यमनात हाच स्वर किती गोड लागतो! इथे मात्र बाजूच्या आवाजांना घासतो आणि आम्ही सगळ्या तिथे आवाज चोरतो. कसा लावावा?

खर्जातला:
गुपचूप लावून पुढे जा. सोप्रानो, म्हणजे बायकांचे वरचे आवाज, वर असतात, कुणाला कळत नाही.

पासाडेनाकर:
खर्जातला, अजिबात पटलं नाही. तो स्वर कळण्यासाठीच आहे.

हे शब्द नाताळच्या पहाटप्रार्थनेतले, फार जुने. गव्हाणीत निजलेल्या प्रभूला जनावरांनी पाहिलं, हे केवढं गूढ! पुढची 'बेआता विर्गो'ची ओळ मरियेची, येशूच्या आईची. लॉरिडसन यांनी स्वतः लिहिलंय की तीच ओळ त्यांना सगळ्यात जड गेली. जिने बाळाला उदरात वाहिलं तिलाच पुढे त्याचं क्रुसावरचं मरण पाहावं लागलं, हे सुरांत कसं आणायचं? शेवटी त्यांनी ते एका स्वरावर सोपवलं. अख्ख्या रचनेत डीच्या सप्तकाबाहेरचा स्वर तेवढा एकच, आणि तो अल्टोंकडे. मी टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातला. मला त्याचा हेवा वाटतो.

आमच्या पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार झुर्बरानचं १६३३ चं चित्र आहे. ही रचना त्यावरूनच सुचली, असं लॉरिडसन सांगतात. काळ्याभोर पार्श्वभूमीवर ताटात लिंबं, मध्ये टोपलीत फुलांसकट संत्री, उजवीकडे चांदीच्या ताटलीत पाण्याचा पेला आणि कडेला एक गुलाब. सगळं मरियेपुढे ठेवलेल्या नैवेद्यासारखं. जमलं तर बघून या. मी प्रत्येक डिसेंबरात जातो.

आता गाण्याचं. तानपुरा डीवर लावा, त्यावर 'विर्गो' एकट्याने म्हणा, मग एका सोप्रानोला आणि एका बेसला (पुरुषांचा खालचा आवाज) सोबत घ्या. मींड नको, आंदोलन नको, खडा स्वर. 'वि'चा इकार पसरट झाला की स्वर चढतो, ओठ गोलसर ठेवा. घर्षण ऐकू आलं की थांबून राहा, सोडवायची घाई नको. तुमचा कान यमनाचा, त्याला पंचमाची ओढ लागणारच. ती ओढ जाणवू द्या.

यमनप्रेमी (सिअ‍ॅटल):
आज तानपुऱ्यावर म्हणून पाहिलं. घासणं आता नकोसं वाटत नाही. पण श्वास? ओळ लांब आहे, आणि आम्ही नेमक्या तिथेच संपतो.

पासाडेनाकर:
आळीपाळीने घ्या. शेजारणीशी आधी ठरवून ठेवा. एकीने घेतला की दुसरीने स्वर धरायचा. फक्त 'बेआता' आणि 'विर्गो'च्या मध्ये कुणीही घेऊ नका.