शब्दचर्चा: उत्सर्जन ‘टाळलेले’ की ‘टळलेले’?

प्रश्न: एका कंपनीच्या पर्यावरण अहवालाचं मराठी भाषांतर करते आहे. त्यात ‘अव्हॉइडेड एमिशन्स’ हा शब्दप्रयोग सारखा येतो. आमचं उत्पादन लोकांनी वापरल्यामुळे इतके टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलाच नाही, असा दावा आहे. ‘उत्सर्जनातील घट’ चालेल का?

प्रतिसाद: ‘घट’ नको. घट मोजताना तुलना स्वतःशीच असते: गेल्या वर्षी कारखान्यातून १०० टन बाहेर पडले, यंदा ९०, म्हणजे १० टनांची घट. दोन्ही आकडे प्रत्यक्ष घडलेले. इथे मात्र तुलना न घडलेल्या गोष्टीशी आहे. हे उत्पादन नसतं तर काय झालं असतं? म्हणून मी ‘टळलेले उत्सर्जन’ सुचवेन. ‘टाळलेले’मध्ये कर्ता येतो आणि सगळं श्रेय कंपनीकडे जातं. अपघात टळतो तेव्हा त्यात अनेकांचा हात असतो, तसंच हेही.

प्रतिसाद: ‘टळलेले’ला अनुमोदन, पण निम्मा अर्थ अजून बाहेरच आहे. कशाच्या तुलनेत टळलं?

एलईडी दिव्याचं बघा. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले. समजा, ९ वॉटचा एक दिवा वर्षाला १,००० तास जळतो. त्या जागी एरवी ६० वॉटचा पिवळा बल्ब असता, तर ५१ युनिट वीज वाचली. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर सुमारे ३६ किलो उत्सर्जन टळलं. पण त्या घरात आधीच १४ वॉटचा सीएफएल असेल तर? वाचली फक्त ५ युनिट, टळले साडेतीन किलो. दिवा तोच, घर तेच, आकडा दहापट वेगळा!

या ‘एरवी’ला तज्ज्ञ आधाररेषा, संदर्भ परिस्थिती वगैरे म्हणतात. मला ‘एरवीचे उत्सर्जन’ हाच शब्द आवडतो, वाचणाऱ्याला लगेच कळतो. आणि आकड्याशेजारी ‘एरवी’ काय धरलंय ते लिहिलेलं नसेल, तर तो आकडा छापूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ती: ‘एरवीचे उत्सर्जन’ फारच छान. अहवालात ‘जीवनचक्रानुसार’ असंही आहे. तिथे ‘आयुष्यभराचे’ म्हटलं तर?

प्रतिसाद: ‘आयुष्यभराचे’ म्हटलं की फक्त वापराचा काळ डोळ्यांसमोर येतो. जीवनचक्रात कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी भंगार किंवा पुनर्वापर, सगळं धरलेलं असतं. त्यामुळे ‘जीवनचक्र’च ठेवा, रुळलेला शब्द आहे. तुलनाही नगाला नग अशी होत नाही; तितकाच उजेड तितकेच तास मिळायला हवा. २५,००० तास टिकणाऱ्या एका एलईडीसमोर १,००० तासांचे २५ बल्ब आणि ते बनवतानाचं उत्सर्जन मांडावं लागतं. शिवाय पुढची वर्षं मोजताना आजचाच ०.७ धरून चालणार नाही. सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढला की युनिटमागचा कार्बन कमी होतो आणि त्याच दिव्यामुळे टळणारं उत्सर्जनही.

श्रेयाचा मुद्दा वर आलाच आहे. चिप बनवणारा, दिवा जोडणारा आणि वाटणारी संस्था, तिघांनीही तेच ३६ किलो आपापल्या अहवालात पूर्ण दाखवले, तर ते तीनदा मोजले जातात.

प्रतिसाद: भाषांतर करताना एक नक्की बघा. काही कंपन्या या आकड्याला ‘स्कोप ४’ म्हणतात. हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉल या नियमावलीत स्कोप, म्हणजे कंपनीच्या उत्सर्जनाचे गट, तीनच आहेत. टळलेलं उत्सर्जन वेगळं दाखवायचं असतं, कंपनीच्या स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करायचं नसतं. त्यामुळे मूळ मजकुरात ‘निव्वळ’ शब्द दिसला, तर भाषांतर थांबवून कंपनीला आधी विचारा की वजाबाकी केली आहे का.